जोडणी तुटलीच नव्हती : कर्बेरॉसने सुरक्षित केलेल्या एनएफएसमधील एका बिघाडाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका संशोधन संस्थेतील आहे. तिथे साठेक लिनक्स डेस्कटॉप आणि मोजकी सामायिक गणन-यंत्रे असून सर्वांच्या होम डिरेक्टरी (प्रत्येकाचे वैयक्तिक फोल्डर) एकाच फाइल सर्व्हरवर ठेवलेल्या आहेत. हा सर्व्हर शेजारच्या इमारतीत, वेगळ्या नेटवर्कमध्ये आहे आणि दोन्ही नेटवर्कांच्या मध्ये फायरवॉल आहे. होम डिरेक्टरी एनएफएस या, सर्व्हरवरील फाइली आपल्याच यंत्रावर असल्यासारख्या वापरू देणाऱ्या प्रोटोकॉलच्या ४.१ आवृत्तीने, २०४९ या टीसीपी पोर्टवरून माउंट होतात, म्हणजे वापरकर्त्याच्या यंत्राला (क्लायंटला) जोडल्या जातात. सुरक्षेचा पर्याय म्हणून केआरबी५पी, म्हणजे कर्बेरॉस या तिकिटांवर चालणाऱ्या ओळख-पडताळणी व्यवस्थेवर आधारलेला एक पर्याय, वापरला जातो.

पूर्वी हीच व्यवस्था 'सिस' या जुन्या पर्यायावर चालत होती. त्या पर्यायात वापरकर्त्याचा जो क्रमांक क्लायंट सांगेल तो सर्व्हर खरा मानतो. स्वतःच्या लॅपटॉपवर रूटचा, म्हणजे सर्वोच्च प्रशासकाचा, अधिकार असलेला कोणीही दुसऱ्याचा क्रमांक धारण करून त्याच्या फाइली वाचू शकतो, आणि तारेवरून जाणारा मजकूर उघडाच असतो. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली एनएफएस तयार केले तेव्हा एका कार्यालयातील मोजक्या, विश्वासातल्या यंत्रांसाठी हे चालण्यासारखे होते, आज ते चालू नये. कर्बेरॉसची ओळख एनएफएसच्या प्रत्येक विनंतीला जोडण्याची रीत आरएफसी २२०३ या मानकाने १९९७ मध्ये घालून दिली. तिच्यावर आधारलेल्या तीन पर्यायांपैकी केआरबी५ फक्त ओळख पटवतो, केआरबी५आय मजकुरात फेरफार झालेला नाही याचीही खात्री देतो आणि केआरबी५पी मजकूर कूटबद्धही करतो. संस्थेने तिसरा पर्याय निवडला, आणि माझ्या मते तो योग्यच होता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे बिघाड सुरू झाल्यावर सर्वांत आधी आलेली सूचना 'हे कर्बेरॉस काढून टाका' अशीच होती.

तक्रारीचे स्वरूप

तक्रार एका वाक्याची होती : संध्याकाळच्या सुमारास सर्व्हरचे कनेक्शन तुटते. प्रत्येकाला नेमके काय दिसते हे वेगवेगळे विचारून लिहून घेतल्यावर त्या एका वाक्याखाली तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. काही जणांचे रात्रभर चालणारे गणन मध्येच 'परमिशन डिनाइड' असे सांगून थांबत होते, पण त्याच वेळी त्याच यंत्रावरील दुसऱ्यांचे काम सुरळीत चालू असे. काही जणांचा डेस्कटॉप काम करताकरता अर्धा मिनिट गोठत होता आणि नंतर काहीच न झाल्यासारखा पुढे चालू लागत होता. तिसरा प्रकार सर्वांत त्रासदायक होता. रात्री मेलचा प्रोग्राम किंवा एसक्यूलाइटचा डेटाबेस वापरणारा एखादा संदर्भ-व्यवस्थापक उघडा ठेवून गेलेल्या माणसाला सकाळी 'इनपुट-आउटपुट एरर' दिसे, आणि तो प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय त्याची फाइल लिहिली जात नसे.

अशा वेळी तिन्ही लक्षणांना एकच नाव देऊन एकच कारण शोधण्याचा मोह होतो. सुरक्षित एनएफएसमध्ये तो मोह विशेष महागात पडतो, कारण तिथे एकावर एक रचलेल्या किमान तीन गोष्टींना स्वतंत्र आयुष्य असते. सर्वांत खाली टीसीपीची जोडणी असते. तिच्यावर एनएफएसची लीज, म्हणजे सर्व्हरने क्लायंटला ठरावीक मुदतीपुरता दिलेला हक्क असतो. लिनक्सच्या सर्व्हरवर ही मुदत सहसा ९० सेकंद असते आणि तिच्याच आधाराने उघडलेल्या फाइली व लॉक (एका वेळी एकानेच फाइल बदलावी यासाठी घेतलेला ताबा) टिकून राहतात. या दोन्हींच्या सोबतीला जीएसएसचा संदर्भ, म्हणजे क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात ओळख पटल्याची चालू नोंद, असते. हा संदर्भ कर्बेरॉसच्या तिकिटातून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या ओळखपत्रातून, तयार होतो, त्याचे आयुष्य त्या तिकिटाइतके असते आणि तो प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असतो. शिवाय खुद्द यंत्राचाही एक असतो. वापरकर्त्याला या तिन्हींतील कशाचाही शेवट 'कनेक्शन गेले' असाच दिसतो.

आधी बाद केलेल्या शक्यता

पहिला संशय अर्थातच फायरवॉलवर होता. निष्क्रिय जोडण्या काही काळाने मुकाट्याने विसरून जाणे हा फायरवॉलचा नेहमीचा स्वभाव असल्यामुळे तिथली मुदत वाढवून घ्यावी असा आग्रह झाला. पण एनएफएसच्या चौथ्या पिढीचा क्लायंट लीजच्या मुदतीचा दोन-तृतीयांश भाग उलटला की तिचे नूतनीकरण करतो. म्हणजे वापरकर्ता काहीही करत नसला तरी साधारण दर ६० सेकंदांनी २०४९ पोर्टवरून काहीतरी जातेच. इतक्या थोडक्या शांततेत जोडणी विसरणारी फायरवॉल असती तर बिघाड दिवसभर, सर्व यंत्रांवर दिसला असता.

घड्याळे तपासली. कर्बेरॉस सहसा पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो आणि इथे फरक काही मिलिसेकंदांचा होता. सर्व्हरच्या कीटॅबमधील (किल्ल्या साठवणाऱ्या फाइलीतील) किल्लीचा आवृत्ती-क्रमांक केडीसीकडील, म्हणजे तिकिटे देणाऱ्या कर्बेरॉस सर्व्हरकडील, क्रमांकाशी जुळत होता. तो जुळत नसता तर संदर्भ तयारच झाला नसता, उशिराने झाला नसता.

पुराव्याचा पहिला धागा

लिनक्सचा क्लायंट प्रत्येक माउंटचा हिशेब 'माउंटस्टॅट्स' नावाच्या फाइलीत ठेवतो. त्यात जोडणीच्या ओळीवर, आतापर्यंत किती वेळा जोडणी करावी लागली याचा आकडा असतो. आदल्या संध्याकाळी गोठलेल्या यंत्रांवर हा आकडा पाहिला तेव्हा तो यंत्र सुरू झाल्यापासून वाढलेलाच नव्हता. उघड्या सॉकेटांची यादी काढली तर २०४९ शी जोडलेल्या क्लायंटच्या टोकाचा पोर्ट-क्रमांकही सकाळचाच होता. टीसीपीची जोडणी तुटली असती तर आकडा वाढला असता, त्यामुळे ज्या गोष्टीबद्दल सगळी तक्रार होती ती गोष्ट घडलेलीच नव्हती.

दुसरा पुरावा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये नसलेल्या एका ओळीचा होता. विनंती पाठवूनही सर्व्हरचे उत्तर मुदतीत आले नाही, तर 'सर्व्हर प्रतिसाद देत नाही, प्रयत्न चालू आहे' या अर्थाची एक ओळ लॉगमध्ये येते आणि एनएफएस सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ती तोंडपाठ असते. इथे ती कुठेच नव्हती. टीसीपीवर एकेका प्रयत्नाची मुदत सहसा ६० सेकंदांची असते आणि ती ओळ अशा काही प्रयत्नांनंतरच येते, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या गोठण्यात ती ओळ न येणे एकवेळ समजू शकते. पण ज्या यंत्रांवर लॉक गमावले गेले होते तिथेही ती नव्हती. यावरून विनंत्या सर्व्हरपर्यंत जाऊन अडकत नसून यंत्राबाहेर पडण्याआधीच थांबत असाव्यात असे दिसू लागले. गोठलेल्या क्षणी कर्नलच्या डीबग विभागातील आरपीसीच्या, म्हणजे दूरच्या यंत्राला करायच्या विनंत्यांच्या, प्रलंबित कामांची यादी पाहता आली तेव्हा हे पक्के झाले. तिथे थांबलेल्या कामांसमोर नाव होते ते जीएसएसच्या अपकॉलच्या रांगेचे. अपकॉल म्हणजे कर्नलने वापरकर्त्याच्या पातळीवर चालणाऱ्या आरपीसी-जीएसएसडी या सेवेला 'या व्यक्तीसाठी नवा संदर्भ तयार करून दे' असे सांगणे. कर्नलचे काम तिथे थांबून राहिले होते, आणि जीएसएसडी ते पूर्ण करण्यात वेळ घेत होती.

वेळांचे गणित

'संध्याकाळच्या सुमारास' हे वर्णन लोकांच्या अनुभवातून आलेले होते. लॉगमधून लॉक गमावल्याच्या नोंदी यंत्रवार काढल्या तेव्हा चित्र बदलले. कायम चालू असणाऱ्या एका यंत्रावर त्या नोंदी कधी संध्याकाळी साडेसातला, कधी पहाटे साडेपाचला, तर कधी दुपारी साडेतीनला होत्या. प्रथमदर्शनी त्या विस्कळीत वाटतात, पण शेजारशेजारच्या दोन नोंदींतील अंतर मोजले तर ते जवळपास दहा तासांचे किंवा त्याच्या पटीत येत होते. या संस्थेच्या केडीसीवर तिकिटाची मुदत दहा तास ठेवलेली आहे. सकाळी साडेनऊच्या आसपास बहुतेक लोक लॉगिन करतात, म्हणून बहुतेकांची मुदत संध्याकाळी साडेसातच्या आसपास भरते. बिघाडाला संध्याकाळची वेळ आहे हा समज त्यामुळेच निर्माण झाला होता.

यंत्राच्या स्वतःच्या तिकिटाचा साठा तात्पुरत्या डिरेक्टरीत एका फाइलीत असतो. तिकिटे दाखवणाऱ्या केलिस्ट या आज्ञेने त्यातील तिकीट कधी घेतले ते पाहिले. ती वेळ आणि लॉक गमावल्याची लॉगमधील वेळ यांत जेमतेम एक-दोन मिनिटांचा फरक निघाला. जुना संदर्भ संपतो, नवा तयार करायला घेतला जातो आणि त्या तयारीतच काहीतरी अडते, हे आता निश्चित झाले.

ज्या डेस्कटॉपांवर लक्षण पकडण्यासाठी दर अर्ध्या मिनिटाला होम डिरेक्टरीतील एका फाइलीची वेळ बदलणारा छोटा प्रोग्राम लावला होता, त्या डेस्कटॉपांवर इनपुट-आउटपुट एररचा प्रकार बंदच पडला. काही जणांना वाटले की बिघाड आपोआप बरा झाला. त्याचा अर्थ पुढे लागला, आणि तो या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे.

चाळीस सेकंद कुठे जात होते

जीएसएसडीला तपशीलवार लॉग लिहायला लावले आणि एकीकडे ५३ व ८८ (कर्बेरॉसचा) या दोन्ही पोर्टांवरील पॅकेटे टिपायला सुरुवात केली. आतापर्यंत सगळ्यांची नजर २०४९ वर होती, आणि तिथे गोठण्याच्या काळात नुसती शांतता होती. ५३ वर मात्र, म्हणजे यंत्रांच्या नावांवरून पत्ते सांगणाऱ्या नेमसर्व्हरच्या पोर्टवर, सगळे स्पष्ट दिसत होते. यंत्र पहिल्या नेमसर्व्हरला एक नाव विचारत होते. उत्तर येत नव्हते. बरोबर पाच सेकंदांनी तोच प्रश्न दुसऱ्या नेमसर्व्हरला जात होता आणि त्याचे उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत येत होते. मग पुढचे नाव, पुन्हा पहिला नेमसर्व्हर, पुन्हा पाच सेकंद. बंद घराची कडी वाजवून थांबावे आणि पुढच्या कामासाठी पुन्हा त्याच घरी जावे, तसे ते चालले होते.

पहिला नेमसर्व्हर अस्तित्वातच नव्हता. संस्थेतील एक जुने यंत्र काही काळापूर्वी सेवेतून काढले गेले होते. त्याच्याकडे दोन कामे होती : ते नेमसर्व्हर होते आणि दुय्यम केडीसीही होते. त्याचा पत्ता डेस्कटॉपांच्या रिझॉल्व्हर-फाइलीत (नावे कोणत्या नेमसर्व्हरला विचारायची ते सांगणाऱ्या फाइलीत) पहिल्या जागी, आणि त्याचे नाव कर्बेरॉसच्या संरचना-फाइलीत केडीसींच्या यादीत पहिल्या जागी, तसेच राहिले होते. ते यंत्र दुसऱ्या नेटवर्कमध्ये असल्यामुळे त्याच्याकडे जाणारी पॅकेटे फायरवॉलवर पोचत आणि तिथे 'नाकारले' असे न कळवता टाकून दिली जात. ग्लिबीसी या लायब्ररीचा रिझॉल्व्हर एका नेमसर्व्हरची वाट मुळात पाच सेकंद पाहतो, आणि ती मुदत कोणी बदललेली नव्हती.

आता हिशेब मांडता येतो. यंत्राचा संदर्भ नव्याने उभा करायचा तर आधी कीटॅबच्या आधारे नवे मूळ तिकीट घ्यावे लागते आणि मग त्या तिकिटावर एनएफएस सेवेचे तिकीट. प्रत्येक वेळी मृत केडीसीच्या नावाचा पत्ता विचारण्यात पाच सेकंद, त्याला विनंती पाठवून उत्तराची वाट पाहण्यात सेकंदभर आणि जिवंत केडीसीचा पत्ता विचारण्यात आणखी पाच सेकंद जात होते. दोन फेऱ्यांचे मिळून बावीसच्या आसपास झाले. त्याखेरीज फाइल सर्व्हरच्या नावाचे अधिकृत रूप ठरवण्यासाठी नावावरून पत्ता आणि पत्त्यावरून नाव असे दोन्ही बाजूंचे प्रश्न विचारले जातात, कारण सेवेच्या तिकिटातील नाव त्यावरून ठरते. जीएसएसडी स्वतःही सर्व्हरचे नाव तपासते. असे करत एकूण वेळ चाळीस सेकंदांच्या जवळ जात होता. वापरकर्त्याने मधल्या काळात स्क्रीन अनलॉक करून नवे मूळ तिकीट मिळवलेले असेल तर पहिली फेरी वाचते, म्हणून त्याचे गोठणे अर्ध्या मिनिटात आटोपत होते. दुसऱ्या लक्षणाचा उलगडा इतकाच होता.

हा उशीर इतर कुठे कसा जाणवला नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. ब्राउझर संस्थेच्या प्रॉक्सीमार्फत चालतात आणि नावांचे पत्ते प्रॉक्सीच शोधते, त्यामुळे त्यांना मृत नेमसर्व्हर कधी भेटलाच नाही. एसएसएचने लॉगिन करायला वेळ लागतो हे सर्वांना ठाऊक होते आणि सर्वांनी ते गृहीत धरले होते. सकाळी यंत्र सुरू होताना होम डिरेक्टरी माउंट व्हायला अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत असे, तोही सुरू होण्याच्या एकूण वेळेत लपून जाई. 'सिस' पर्यायाच्या काळात एनएफएसला नावे फक्त माउंट करताना विचारावी लागत. केआरबी५पी आल्यावर ती दर दहा तासांनी, काम चालू असताना विचारावी लागू लागली. त्यामुळे बिघाड कर्बेरॉसमुळे आला असे दिसले, प्रत्यक्षात कर्बेरॉसने आधीच असलेला दोष उघडा पाडला.

तीस सेकंदांची सवलत

चाळीस सेकंदांचा उशीर ९० सेकंदांच्या लीजमध्ये सहज बसायला हवा, असे वाटते. इथे नूतनीकरणाची वेळ महत्त्वाची ठरते. शांत असलेले यंत्र शेवटच्या व्यवहारानंतर साठाव्या सेकंदाला नूतनीकरणाची विनंती पाठवायला घेते, म्हणजे हातात फक्त तीस सेकंदांची सवलत उरते. ही विनंती कोणा वापरकर्त्याच्या नावाने न जाता यंत्राच्या स्वतःच्या ओळखीवर जाते. नेमक्या त्या वेळी यंत्राचा संदर्भ संपलेला असेल तर तो नव्याने उभा राहायला चाळीस सेकंद लागतात आणि विनंती शंभराव्या सेकंदाला सर्व्हरकडे पोचते. तोवर सर्व्हरने लीज संपल्याचे धरून त्या क्लायंटच्या उघड्या फाइलींची आणि लॉकची नोंद काढून टाकलेली असते.

क्लायंट मग नवे सत्र सुरू करतो आणि फाइली पुन्हा उघडतो. त्यात कोणाची हरकत नसेल तर वापरकर्त्याला काही कळतही नाही. लॉकची गोष्ट वेगळी आहे. मधल्या क्षणांत दुसऱ्या कोणी तो लॉक घेऊन फाइल बदलून परत सोडली असेल, तर जुन्या धारकाने आपल्याकडे लॉक आहेच असे समजून लिहिणे म्हणजे फाइल बिघडवणे होय. म्हणून लिनक्सचा क्लायंट हरवलेले लॉक आपल्या मनाने परत मिळवत नाही. तो लॉगमध्ये 'लॉक रिक्लेम फेल्ड' अशी नोंद करतो आणि त्या फाइलीवरील पुढच्या लिहिण्या-वाचण्याला इनपुट-आउटपुट एरर देतो. ही वागणूक बरोबर आहे. वापरकर्त्याला ती कठोर वाटते, पण ती त्याच्या माहितीचे रक्षण करते. एसक्यूलाइट आणि मेलची अनुक्रमणिका लॉकवर विसंबतात, म्हणून तक्रार त्यांच्याकडून आली आणि साध्या मजकूर-संपादकांकडून आली नाही.

दर अर्ध्या मिनिटाला फाइलीला हात लावणाऱ्या प्रोग्रामचे कोडेही इथेच सुटते. एनएफएसच्या ४.१ आवृत्तीत प्रत्येक विनंतीच्या सुरुवातीला सत्राचा क्रम सांगणारी एक क्रिया असते आणि ती कोणाच्याही नावाने गेली तरी तिच्यामुळे त्या क्लायंटची लीज पुढे सरकते. वापरकर्त्याचा संदर्भ चालू असलेल्या यंत्रावर तो प्रोग्राम नकळत लीज जिवंत ठेवत होता. त्यामुळेच हा प्रकार फक्त निवांत पडलेल्या यंत्रांवर, म्हणजे रात्री प्रोग्राम उघडे ठेवून गेलेल्या लोकांच्या डेस्कटॉपांवर घडत होता. पाहणी करणाऱ्या साधनामुळे लक्षण नाहीसे होत असेल, तर त्या साधनाने नेमके काय पुरवले याचा विचार केल्यास कारणाच्या बरेच जवळ जाता येते. ते साधन तसेच लावून ठेवण्याचा मार्ग इथेही उपलब्ध होता, पण मग मूळ दोष कोणीच शोधला नसता.

लिनक्स कर्नलच्या ५.१९ आवृत्तीपासून सर्व्हर याबाबतीत अधिक सबुरीने वागतो : लीज संपली तरी दुसऱ्या क्लायंटशी संघर्ष येईपर्यंत तो जुनी नोंद काही काळ जपून ठेवतो. या संस्थेचा सर्व्हर त्याआधीच्या कर्नलवर होता. नवा असता तर तिसरे लक्षण बहुधा दिसलेच नसते आणि मृत नेमसर्व्हरचा शोध आणखी लांबला असता.

पहिल्या लक्षणाचे वेगळे कारण

रात्रीच्या गणनाला मिळणाऱ्या 'परमिशन डिनाइड'चा या उशिराशी काहीही संबंध नव्हता. ज्याने सकाळी गणन सुरू केले आणि तो निघून गेला, त्याचे तिकीट दहा तासांनी संपले. नवे मिळवून देणारे कोणी नव्हते, आणि सर्व्हरने त्याला अनोळखी ठरवले. व्यवस्था ठरल्याप्रमाणेच वागत होती. त्याच यंत्रावरील ज्यांची तिकिटे चालू होती त्यांना काही जाणवत नव्हते, कारण संदर्भ प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच यंत्रावर एकाला नकार आणि दुसऱ्याला होकार मिळत असेल तर तारा, जोडणी, सर्व्हर यांच्याकडे पाहायचेच नाही, आधी त्या व्यक्तीचे केलिस्ट पाहायचे. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर प्रकरण मिटू शकते.

खात्री करून घेणे

कारण सापडल्यासारखे वाटते तेव्हा ते मुद्दाम घडवून पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये, विशेषतः बिघाड दहा तासांतून एकदा होत असेल तेव्हा. चाचणीसाठी एक डेस्कटॉप बाजूला काढला आणि केडीसीवर फक्त त्या यंत्राच्या खात्याची कमाल तिकीट-मुदत दहा मिनिटांवर आणली. मृत यंत्राचा पत्ता आणि नाव दोन्ही फाइलींत तसेच ठेवले, एका छोट्या प्रोग्रामने एका फाइलीवर लॉक धरून ठेवला आणि यंत्राला हात लावला नाही. दर दहा-एक मिनिटांनी लॉक गमावल्याची नोंद लॉगमध्ये येऊ लागली. मग फक्त रिझॉल्व्हर-फाइलीतील पहिली ओळ काढली. संदर्भ उभा राहण्याचा वेळ दोन सेकंदांच्या आसपास आला, आणि उरलेला वेळ मृत केडीसीच्या उत्तराची वाट पाहण्यातला होता. कर्बेरॉसच्या फाइलीतूनही त्याचे नाव काढल्यावर तो डोळ्याला जाणवेनासा झाला. लॉक गमावणे पूर्ण थांबले. पहिली ओळ परत घातली की बिघाडही परत येत होता. कारण हेच, असे म्हणायला यापेक्षा कमी पुरावा मी पुरेसा मानला नसता.

केलेले आणि न केलेले उपाय

मृत यंत्राचे सर्व उल्लेख सगळ्या यंत्रांवरून काढले. शोधताना ते आणखी दोन ठिकाणी सापडले : यंत्रांना नेटवर्कची माहिती आपोआप देणाऱ्या डीएचसीपीने वाटल्या जाणाऱ्या नेमसर्व्हरांच्या यादीत आणि नवे यंत्र बसवताना वापरल्या जाणाऱ्या साच्यात. ते तिथे राहिले असते तर पुढच्या खरेदीबरोबर बिघाडही परत आला असता. रिझॉल्व्हरची वाट पाहण्याची मुदत एका सेकंदावर आणली, म्हणजे उद्या चालू नेमसर्व्हरांपैकी एखादा बंद पडला तरी उशीर मर्यादेत राहील. संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कांच्या मध्ये फायरवॉलने पॅकेट टाकून न देता नकार कळवावा, असा नियम करून घेतला. बाहेरच्या जगासमोर मौन बाळगण्याला काही अर्थ असेल, पण आपल्याच दोन इमारतींमध्ये त्या मौनाने फक्त आपलीच माणसे खोळंबतात. सामायिक गणन-यंत्रांवरील जीएसएसडी जुनी होती आणि एका वेळी एकच अपकॉल हाताळत होती, त्यामुळे एकाच्या उशिरामागे बाकीचे रांगेत अडकत. तिथे एकाच वेळी अनेक अपकॉल हाताळणारी नवी आवृत्ती बसवली.

लांबलेल्या गणनासाठी तिकिटे नूतनीकरणक्षम दिली गेली. त्यांची एकूण मर्यादा सात दिवस ठेवली, आणि गणन सुरू करणाऱ्या आज्ञेला तिकिटाचे नूतनीकरण करणाऱ्या केरिन्यूची जोड दिली, जेणेकरून काम चालू आहे तोवर तिकीट मुदत भरण्याआधी ताजे होत राहील आणि काम संपले की नूतनीकरणही थांबेल.

काही सूचना स्वीकारल्या नाहीत आणि त्यांची कारणे लेखी दिली. माउंट 'सॉफ्ट' करावा, म्हणजे गोठण्याऐवजी प्रोग्रामला लगेच चूक कळेल, असे सुचवले गेले होते. लिहिण्याच्या डिरेक्टरीसाठी हा पर्याय मला अजिबात मान्य नाही. मुदत संपली की लिहिण्याची विनंती अर्धवट सोडली जाते, कित्येक प्रोग्राम लिहिल्यानंतरची चूक तपासतच नाहीत आणि वापरकर्त्याला आपली फाइल अपुरी आहे हे फार उशिरा कळते. गोठलेला प्रोग्राम दिसतो, बिघडलेली फाइल दिसत नाही. लीजची मुदत ९० वरून ३०० सेकंद करण्याची सूचना निदान सुरक्षित होती. पण सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर क्लायंटांना आपापले लॉक परत मागण्यासाठी दिला जाणारा सवलतीचा काळ लीजपेक्षा लहान ठेवायचा नसतो, म्हणून प्रत्येक रीबूटनंतर सगळ्यांना पाच मिनिटे ताटकळावे लागले असते. तिकिटाची मुदत सरसकट सात दिवस करणे म्हणजे चोरीला गेलेले तिकीट सात दिवस वापरण्याची मुभा देणे. नूतनीकरणक्षम तिकिटात ती मुभा दहा तासांच्या टप्प्यांनी तपासली जाते आणि दरम्यान खाते बंद केले तर नूतनीकरण नाकारता येते. 'सिस' पर्यायाकडे परत जाण्याच्या सूचनेवर फार चर्चा करावी लागली नाही, कारण चाचणीच्या नोंदी तोवर सर्वांसमोर होत्या.

सात दिवसांहून लांब चालणाऱ्या मोजक्या गणनांचा प्रश्न त्यानंतर स्वतंत्रपणे हाताळला गेला. त्यांच्यासाठी प्रकल्पवार वेगळी सेवा-खाती काढली. त्या खात्यांचे कीटॅब फक्त गणन-यंत्रांवर, रूटच्या ताब्यात ठेवले आणि तिकीट मिळवण्याचे काम जीएसएस-प्रॉक्सी या सेवेकडे सोपवले. त्या खात्यांना वापरकर्त्यांच्या होम डिरेक्टरीत प्रवेश नाही. त्यांचे निष्कर्ष वेगळ्या प्रकल्प-डिरेक्टरीत उतरतात.